न पळणारी फौज

माणसाचं हाड बघितलं की त्याचा स्वभाव सांगता येतो, असं दस्तगीरभाई म्हणायचे. हे धादांत खोटं होतं आणि ते त्यांनाही माहीत होतं. तरी पडद्यावर उमटलेल्या खुब्याकडे बोट दाखवून, "पावणं जरा तापट हाईत, व्हय की न्हाय वैनी?" असं ते इतक्या गंभीर चेहऱ्यानं विचारायचे की पेशंटची बायको हमखास मान डोलवायची. मग खुबा मोडलेला पेशंटही हसायचा. हसला की आखडलेलं अंग सैल पडायचं, आणि दस्तगीरभाईंना तेवढंच हवं असायचं.

दस्तगीर शिकलगार आमच्या हाडांच्या दवाखान्यात एक्स-रे काढायचे. मी तिथेच फिजिओथेरपिस्ट. मोडलेलं माणूस आधी त्यांच्याकडे जायचं, जोडून झालं की माझ्याकडे यायचं. आमच्या दोन खोल्यांमधली भिंत चांगली जाड होती, पण त्यांच्या आवाजापुढे तिचं काही चालायचं नाही. "हलायचं न्हाय, पावणं! श्वास धरा. धरा. सोडा आता!" हे दिवसभर ऐकू यायचं. माझ्याकडे व्यायाम करत बसलेले पेशंटसुद्धा त्या आवाजाबरोबर श्वास धरायचे. पुढे पुढे मीही धरायला लागले.

'दुखतंय का?' असं त्यांनी कधी कुणाला विचारलं नाही. ते विचारायचे, "कुठनं आलासा?" माणूस बिद्रीचा असला की, "मग कारखाना काय म्हणतोय? तोड आली का तुमच्या उसाला?" उसाची तोड या विषयावर गप्प बसणारा माणूस आमच्या जिल्ह्यात अजून जन्मायचा आहे. तो तोडीची चिठ्ठी देणाऱ्या कारखान्याच्या चिटबॉयला शिव्या घालायला लागायचा आणि तेवढ्यात दस्तगीरभाईंनी त्याचा मोडका हात अलगद वळवून प्लेटवर ठेवलेला असायचा. एवढ्या हळू हाताचा माणूस मी दुसरा पाहिला नाही. माझा धंदा हातांचाच, म्हणून सांगते आहे.

पण मला ते आठवतात ते त्यांच्या मढ्यांमुळे.

त्यांचा भाचा शारजाला असतो. त्यानं एकदा त्यांच्या मुलासाठी, इरफानसाठी, एक खोका आणला होता. इरफान तेव्हा इंजिनिअरिंगला होता. त्यानं खोका उघडला, "अब्बा, ये बच्चों का है," म्हणाला आणि पुण्याला निघून गेला. खोका माळ्यावर गेला. पुढे कधीतरी दस्तगीरभाईंनी तो खाली काढला. आत करड्या प्लास्टिकची बारीक बारीक हाडं होती. बरगड्या, कवट्या, मांडीची हाडं, गंजक्या ढाली, तलवारी. कापायची, चिकटवायची, रंगवायची. पुरा सांगाडा उभा राहिला की बोटाच्या दोन पेरांएवढा.

"मॅडम, आयुष्यभर मोडलेल्या हाडांचे फोटू काढले," ते मला म्हणाले. "पैल्यांदाच जोडायला गावली बगा."

तो एक खेळ होता. मोठ्या टेबलावर दोन फौजा समोरासमोर मांडायच्या, टेप लावून माप घेऊन पुढे सरकवायच्या, फासे टाकून कोण मेलं ते ठरवायचं. जगभर माणसं वर्षानुवर्षं आपापली फौज जमवत असतात म्हणे. कुणाकडे सरदार-घोडेस्वार, कुणाकडे राक्षस. दस्तगीरभाईंच्या वाट्याला आली ती मेलेल्यांची फौज. थडग्यातून उठवलेले सांगाडे, अर्धवट कुजलेली माणसं, हाडांच्या घोड्यावर बसलेली भुतं. या सगळ्यांना त्यांच्याकडे एकच शब्द होता, मढी. शब्द बरोबरच होता, पण दवाखान्यात वापरायचा नव्हता. एकदा व्हरांड्यात उभं राहून ते फोनवर मोठ्यानं सांगत होते, "काल चार मढी झाली, आनि दोन उद्या व्हतील." बाकावर बसलेल्या एका नातेवाइकानं उठून मुकाट्यानं आपल्या पेशंटची फाइल परत मागितली.

त्यांच्या घरातलं काचेचं कपाट त्यांच्या बायकोनं, जैनबभाभींनी, कपबशांसाठी करून घेतलं होतं. कपबशा खालच्या खणात गेल्या, मग स्वयंपाकघरात, मग पलंगाखालच्या ट्रंकेत. कपाटात फौज वाढत गेली. कुणाकडून जुने सांगाडे मागव, तुटकी तंगडी दुसऱ्याला बसव, असा उद्योग. भाभी मला म्हणाल्या होत्या, "लोगां घर में मुर्दे नै रखते, हमारे यहाँ शोकेस में रखे हैं." पण रोज फडक्यानं काच पुसायच्या त्याच.

दस्तगीरभाईंच्या आजोबांकडे आसपासच्या गावांतल्या तलवारी खंडेनवमीच्या आधी धार लावायला यायच्या. शिकलगारच ते. नातू त्यावर म्हणायचा, "आज्जा तलवारीचा गंज काढायचा, मी तलवारीला गंज लावतोय." खरंच लावायचे. तांदळाच्या दाण्याएवढ्या पात्यावर तपकिरी रंग, त्यावर नारिंगी, त्यावर टूथपिकच्या टोकानं एक काळा ठिपका. डोळ्याला भिंग लावून, श्वास धरून.

या फौजेचे दोन नियम त्यांनी मला इतक्या वेळा सांगितले की मी झोपेतही सांगेन. पहिला असा की ही फौज पळत नाही. बाकीच्या फौजा घाबरतात, मोडतात, पळत सुटतात. मढी जागेवर उभी राहतात. "जीव हाय त्यो पळणार की! ह्यांचं काय जायाचं ऱ्हायलंय?" हे सांगताना त्यांची मान ताठ व्हायची. दुसरा नियम मांत्रिकाचा. या सगळ्यांना उठवून उभं करणारा एक मांत्रिक असतो. तो पडला की फौज जागच्या जागी ढासळायला लागते. कुणाला मारावं लागत नाही.

आणि हा मांत्रिक त्यांनी रंगवलाच नव्हता. काळा झगा, हातात काठी, सुरकुतलेला चेहरा, सगळ्यांत बारीक काम त्याच्यावर. "त्यो शेवटी," ते म्हणायचे. "आदी हात बसू दे. बिगारी शिपायांवर शिकायचं, मग राजाला हात लावायचा." सांगलीचे एक दातांचे डॉक्टर हाच खेळ खेळायचे. फोनवर दोघांची ओळख झालेली. ते दर दिवाळीला विचारायचे, मांडायची का लढाई? दस्तगीरभाईंचं उत्तर ठरलेलं, मांत्रिक झाला की बोलावतो. बिनरंगाच्या मांत्रिकामागं फौज उभी करणं त्यांना अपमानाचं वाटायचं. त्यामुळे वर्षानुवर्षं जमवलेली ती फौज एकही लढाई लढली नव्हती.

नाही म्हणायला एक लढाई झाली, पण ती दवाखान्यात.

खांद्याचं हाड कसं वळतं ते खऱ्या एक्स-रेशी ताडून बघायला ते एक सांगाडा कोटाच्या खिशात घालून आले होते. तो पडला, आणि पडला तो नेमका मोठ्या डॉक्टरांच्या खोलीच्या उंबऱ्यावर. त्यात दिवस अमावास्येचा. झाडलोट करणाऱ्या मंगलमावशींनी किंकाळी फोडली. हातात कोयता घेतलेला सांगाडा डॉक्टरांच्या दारात म्हणजे कुणीतरी करणी केली, यात कुणालाच शंका राहिली नाही. कुणी केली असेल यावर रिसेप्शनमध्ये तीन मतं तयार झाली. डॉक्टर म्हणाले, "मी असलं काही मानत नाही," आणि दिवसभर मागच्या दारानं ये-जा करत राहिले. मावशींनी सांगाड्याला हळदकुंकू लावलं, लिंबू-मिरची उतरवली आणि सगळं नेऊन तीन रस्ते मिळतात त्या तिकटीवर ठेवलं.

दस्तगीरभाईंना हे कळलं ते शेवटच्या पेशंटचा एक्स-रे काढून झाल्यावर. धावत तिकटीवर गेले. मी मागोमाग. रस्त्याच्या मधोमध लिंबाशेजारी तो सांगाडा आणि भोवती चांगलं लांबवर माणसांचं कडं. भाई सरळ आत शिरले, वाकले, त्यांनी तो उचलून छातीशी धरला आणि सगळ्यांना ओरडून सांगितलं, "अवो, माझं हाय त्ये!"

याहून वाईट काही सांगता आलं नसतं. कडं एका क्षणात पांगलं.

पुढे कितीतरी दिवस मंगलमावशी एक्स-रेची खोली झाडेनात. मग वारं फिरलं. करणी करतो त्याला ती काढताही येत असणार, असा हिशेब कुणीतरी मांडला. एका वॉर्डबॉयची म्हैस दूध देईना, तो येऊन हात जोडून उभा राहिला. रिसेप्शनवरच्या मुलीचं लग्न जमत नव्हतं. भाई प्रत्येकाला बसवून घ्यायचे, गाव विचारायचे, ऐकून घ्यायचे. म्हशीला गुरांच्या डॉक्टरकडे पाठवायचे आणि मुलीला सांगायचे, "जमतंय गं, हलायचं न्हाय." त्या सांगाड्याचं कुंकू त्यांनी धुतलं नाही. वरून वॉर्निश मारलं, कपाटात पहिल्या रांगेत उभा केला आणि त्याचं नाव ठेवलं मानकरी.

त्या दिवसांत मी किती हसले! आता आठवलं की हसू येतं आणि लगेच थांबतं.

गारगोटीकडच्या एक आजी मनगट मोडून आल्या होत्या. मी दुसऱ्या पेशंटला घेऊन एक्स-रेच्या दारातच उभी होते. भाईंनी नेहमीसारखं गाव विचारलं, कोंबड्या किती विचारल्या, आजींचं मनगट तळहातावर घेतलं आणि म्हणाले, "हलायचं न्हाय, आज्जी."

आजी म्हणाल्या, "मी कुटं हालतोय बाबा? तुमीच हालतायसा की!"

खोलीतले सगळे हसले. आजीही हसल्या. दस्तगीरभाई सगळ्यांत मोठ्यानं हसले. मग त्यांनी स्वतःच्या उजव्या हाताकडे बघितलं. आजींचं मनगट त्यांच्या हातावर थरथरत होतं. आजी दात आवळून सोसत होत्या, हे हसणं थांबल्यावर माझ्या लक्षात आलं. भाईंनी डाव्या हातानं मनगट सोडवून घेतलं, उशीवर ठेवलं. त्या दिवशी पलीकडून परत "पावणं" ऐकू आलं नाही.

संध्याकाळी ते माझ्या खोलीत आले. "मॅडम, ह्यो हात बगा की. आकडलाय जरा."

ते बोलत होते आणि मांडीवर ठेवलेल्या उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर फिरत होता, तसबीहचे मणी ओढल्यासारखा. मनगट वळवून बघितलं, ते दातेरी चाकासारखं अडत अडत वळलं. मला कळायचं ते कळलं. मी तोंडानं म्हणाले, मेंदूच्या डॉक्टरांना दाखवून घेऊ, तोवर हा स्पंजचा चेंडू दाबत जा. चेंडूनं काही होणार नव्हतं. पण माझ्याकडे चेंडूच होता.

त्यांना डॉक्टर नको होते, एक्स-रे हवा होता. आपल्याच टेबलावर त्यांनी आपलाच उजवा हात ठेवला, वरून डाव्या हातानं मनगट दाबून धरलं. मला काचेमागं बटणापाशी उभं केलं. आणि त्या हाताकडे बघून, अगदी हळू, "हलायचं न्हाय," म्हणाले. पावणं म्हणाले नाहीत.

पडद्यावर हाड स्वच्छ होतं. कुठे चीर नाही, झीज नाही. ते कितीतरी वेळ बघत राहिले. धड हाड बघून इतका निराश झालेला माणूस मी पहिल्यांदा पाहिला.

"मोडलं असतं तर बरं झालं असतं ओ," म्हणाले. "मोडल्यालं जोडता येतंय."

शेवटी मेंदूच्या डॉक्टरांना दाखवलं, कंपवात निघाला. गोळ्या सुरू झाल्या. गोळी लागू पडली की दोन-तीन तास हात पुष्कळसा ताब्यात राहायचा, मग परत सुटायचा. मंगलमावशींचं निदान वेगळं होतं. ती करणी उलटली होती. एका दुपारी त्या पदर डोळ्याला लावून दस्तगीरभाईंसमोर उभ्या राहिल्या, "भाई, पाया पडते, ती मढी पंचगंगेत सोडून या." भाई म्हणाले, "मावशी, उलटायला आदी सुलटी तरी कराय पायजे की." मावशी हसल्या नाहीत. घरून डब्यातून आणलेला अंगारा त्यांनी भाईंच्या हाताला लावला, आणि भाईंनी तो लावू दिला.

मी मात्र वैतागले होते. कारण गोळीचे ते चांगले तास दवाखान्यात जात होते. संध्याकाळी घरी जाईपर्यंत हात गेलेला असायचा आणि मांत्रिक तसाच बिनरंगाचा. मी म्हटलं, दुपारची गोळी जरा पुढे ढकला, डॉक्टरांशी मी बोलते, रोज संध्याकाळी तासभर तरी तुमचा तुम्हाला मिळेल. रजा तरी घ्या. मी चांगलीच तावातावानं बोलले.

"आनि दुपारी येणाऱ्याचा हात कोण धरंल?" ते म्हणाले. "दस्तगीर म्हंजे काय ठावं हाय का मॅडम? हात धरणारा. आज्ज्यानं नावच तसलं ठेवलंय, मी काय करू?"

चांगले तास तीनावरून दोनावर आले, मग तासावर. मग एक दिवस त्यांनी स्वतःच मोठ्या डॉक्टरांना जाऊन काम सोडतो म्हणून सांगितलं. शाल, नारळ, फोटो झाले. नवा टेक्निशियन आला, कामाला चोख. तो 'प्लीज डोंट मूव्ह' म्हणतो, तेही हळू आवाजात. माझे पेशंट आता श्वास धरत नाहीत.

नंतर एका शनिवारी त्यांचा फोन आला. इरफान त्यांना पुण्याला घेऊन जाणार होता, पुढच्याच आठवड्यात. सांगलीचे डॉक्टर दुसऱ्या दिवशी येणार होते. लढाई मांडायची होती. "मांत्रिक झालाय, निस्तं डोळं ऱ्हायल्यात. तुमी या आनि मनगट धरा."

रविवारी सकाळीच मी गेले. मांत्रिक बाटलीच्या बुचावर चिकटवलेला होता. झगा काळा, कडा जांभळ्या, काठीवर हिरवट उजेड. काही ठिकाणी रंग रेषेबाहेर गेला होता, पण लांबून कळत नव्हतं. किती महिने त्या एका झग्याला लागले असतील, मी विचारलं नाही. त्यांनी गोळी घेतली, आम्ही वाट बघितली. मग मी टॉवेलची गुंडाळी त्यांच्या हाताखाली दिली, कोपर टेकवलं, मनगट दोन्ही हातांनी धरलं. हे मला येतं. माझं शिक्षणच त्याचं. त्यांनी केसाएवढ्या टोकाचा ब्रश पांढऱ्या रंगात बुडवला.

"हलायचं न्हाय," ते म्हणाले. भाभी, मी आणि ते, तिघांनी श्वास धरला.

मी धरलं होतं. पूर्ण ताकदीनं धरलं होतं. पण ते थरथरणं मनगटातून येत नव्हतं, आतून कुठून तरी येत होतं आणि माझ्या हातांच्या मधून सरळ निघून जात होतं. ब्रश टेकला, घसरला आणि मांत्रिकाच्या निम्म्या चेहऱ्यावर पांढरा फराटा उठला.

मग भाईंनी ब्रश पाण्यात ठेवला. "ऱ्हाऊ दे. आंधळा मांत्रिक."

सांगलीचे डॉक्टर आले. जेवणाच्या टेबलावर हिरवी चादर पसरून दोन्ही फौजा मांडल्या. पहिल्या रांगेत कुंकू लावलेला मानकरी. एवढ्या वर्षांनी ती फौज मैदानात उभी होती आणि दस्तगीरभाई, खरं सांगते, सुंदर दिसत होते. फासे हातात घेऊन म्हणाले, "डाक्टर, ह्येचं बरं झालंय. खुळखुळवाय वेगळं काय कराय लागत न्हाय." डॉक्टर बिचारे हसावं की नाही या पेचात पडले. मढी एकदाही पळाली नाहीत. पण मध्येच डॉक्टरांच्या तिरंदाजांचे फासे नको इतके चांगले पडले आणि मांत्रिक गेला. डॉक्टरांनी परत टाकू का विचारलं. भाई म्हणाले, "न्हाय. नियम म्हंजे नियम."

मग फौज ढासळायला लागली. दर खेपेला जेवढी मढी पडतील तेवढी उचलायची. दस्तगीरभाई स्वतः उचलत होते. गोळी उतरली होती. एक उचलायला गेले की शेजारची तीन आडवी व्हायची, जी नियमानं अजून उभी असायला हवी होती. डॉक्टरांनी हात पुढे केला, तर भाई म्हणाले, "हात लावायचा न्हाय." आम्ही तिघं हात मांडीवर ठेवून बसलो. ते पडलेली उभी करत होते, उभी पडत होती. शेवटी त्यांनी पंजा चादरीवर तसाच टेकवला आणि सोडून दिला. मानकरी आडवा झाला. भाभी उठल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या. मला इतकं असहाय माझ्या कामात कधी वाटलं नाही, आणि माझं कामच तसं आहे.

चहा पिऊन मी निघाले. खाली रस्त्यावर येऊन स्कूटर काढली आणि वर बघितलं. दस्तगीरभाई गॅलरीत येऊन उभे होते. कठड्यावरून त्यांचा उजवा हात माझ्याकडे हलत होता. मीही हात वर करून हलवला.

"मॅडम," त्यांनी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा जुन्या आवाजात हाक दिली, "टाटा न्हाय करत ओ! ह्यो आपला आपणच हालतोय!"

गल्लीतली माणसं वळून हसली. माझा हात वरच होता. मला तो खाली घेता येईना.